संस्कृती आणि जनसंज्ञापन

वृत्तपत्र, नभोवाणी, चित्रपट, दूरचित्रवाणी या माध्यमांचा संस्कृतीशी असलेला परस्परसंबंध. माध्यमे संस्कृती जशीच्या तशी वाहून नेतात, असे एक मत आहे. ती तिला बाजारी माल बनवतात, हे दुसरे मत होर्कहायमर व अडोर्नो या विचारवंतांनी १९४० च्या दशकात मांडले. मराठीतील भरपूर नोंदले गेलेले उदाहरण, म्हणजे गीतरामायण, तपासले तर दोन्ही मते तोकडी पडतात. माध्यम परंपरेला नवा घाट देते आणि परंपरा माध्यमाला आपले आचार लावते.

आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. तेथे सीताकांत लाड यांच्या पुढाकाराने ग. दि. माडगूळकर यांनी लिहिलेली व सुधीर फडके यांनी स्वरबद्ध केलेली गीतरामायणाची ५६ गीते १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून पुढच्या रामनवमीपर्यंत आठवड्याला एक याप्रमाणे प्रसारित झाली. त्या वर्षी अधिकमास असल्याने आठवडे वाढले आणि गीतेही वाढली. काव्याचा विस्तार पंचांगाने आणि प्रसारणाच्या वेळापत्रकाने मिळून ठरवला. रामकथा सांगणारा कीर्तनकार एकटाच सगळी पात्रे उभी करतो आणि समोरच्या श्रोत्यांचा कल पाहून आख्यान लांबवतो किंवा आवरते घेतो. नभोवाणीवर श्रोता दिसत नाही, वेळ बांधलेली असते. म्हणून कथा सुट्या प्रसंगांत विभागली गेली आणि गीते त्या त्या पात्राच्या तोंडी आली. रामाची गीते फडके यांनी, तर सीतेची माणिक वर्मा यांनी गायिली. पहिल्या गीतात कुश-लव रामासमोर गातात, अखेरच्या गीतात वाल्मीकी त्यांना गायला सांगतात. न दिसणाऱ्या श्रोत्याची जागा रचनेतच भरून काढण्याची ही योजना विलक्षण समर्थ आहे.

रामकथा एकनाथ आणि श्रीधर या कवींमुळे घरोघरी ठाऊक होती, नभोवाणीने ती फक्त पोचवली, असा आक्षेप घेता येईल. परंतु कथा ठाऊक होती म्हणूनच ती अशी तोडता आली. मधले दुवे श्रोते स्वतः जोडत होते. प्रसारणाच्या वेळी रेडिओला हार घालून उदबत्ती लावली जाई, असे अनेक आठवणींत येते. ही प्रथा किती व्यापक होती हे ठरवणे अवघड असले, तरी श्रवणाचा जुना आचार यंत्रापुढेही टिकला, एवढे त्यातून दिसते. पुढे फडके यांनी एकट्याने सगळी गीते रंगमंचावरून गायिली, तेव्हा एका गायकाने आख्यान लावण्याची कीर्तनाची रीत परत आली.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नभोवाणी सरकारी होती. माहिती व नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांच्या काळात चित्रपटसंगीताला आवर घालून सुगम संगीताला उत्तेजन मिळाले. गीतरामायणाला अनुकूल वातावरण त्यातून लाभले. त्याच सुमारास नभोवाणीबाहेर संयुक्त महाराष्ट्र चळवळीची शाहिरी मैदानांत गाजत होती आणि आंबेडकरी जलशांची परंपरा सभांतून व वस्त्यांतून चालत होती. माध्यमाची मालकी कोणाकडे, यावर कोणती संस्कृती सार्वत्रिक म्हणून ऐकू येते हे अवलंबून असते. त्यामुळे गीतरामायणाला साऱ्या महाराष्ट्राच्या अभिरुचीचा पुरावा मानता येत नाही.

नभोवाणीनंतर दूरचित्रवाणी आली. तिचे मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. रामकथा या माध्यमातही आली : रामानंद सागर यांची ‘रामायण’ ही हिंदी मालिका दूरदर्शनवर १९८७-८८ मध्ये दाखवली गेली.