साथीची पेटी आणि भाषांतरित सूर

पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात पियानोला जे स्थान, ते मराठी रंगभूमीवर पेटीने मिळविले. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) हे भास्करबुवा बखले यांचे हार्मोनिअमचे साथीदार. खाडिलकरांच्या ‘संगीत मानापमान’ला (१९११) त्यांनी उत्तरेकडील ठुमरी-दादऱ्याच्या धर्तीवर चाली दिल्या, ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या बोलपटाचे संगीतही त्यांचेच. एका भाषेतील गीतप्रकार दुसरीत रुजला, तो असा साथीदाराच्या बोटांतून. मींड व श्रुती या वाद्यावर उमटत नाहीत, या आक्षेपामुळे १९४० मध्ये नभोवाणीने पेटी वर्ज्य केली. साथीपुरती बंदी १९७१ मध्ये उठली. आक्षेप तांत्रिकदृष्ट्या निराधार नव्हता. परंतु त्यात या सांस्कृतिक मध्यस्थीची दखल नव्हती. तौलनिक साहित्याभ्यासाने ती घ्यावयास हवी.