वाचनानुभव : डेटा-प्रारूपे

पूर्वीच्या माणसांनी काय, कुठे व कसे वाचले आणि त्याचा त्यांच्यावर काय परिणाम झाला, याचे पुरावे संगणकाला हाताळता येतील अशा रचनेत मांडण्याची पद्धत. खपाचे आकडे आणि ग्रंथालयांच्या याद्या यांवरून पुस्तक कुणाच्या हाती गेले एवढेच कळते. वाचनाचा माग रोजनिश्या, पत्रे, आत्मचरित्रे व समासातील टिपणे यांतून काढावा लागतो. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीत १९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘रीडिंग एक्स्पिरियन्स डेटाबेस’मध्ये १४५० ते १९४५ या काळातील अशा ३०,००० हून अधिक नोंदी आहेत. वाचन मूक की मोठ्याने, एकट्याने की इतरांसोबत, एका बैठकीत की टप्प्याटप्प्याने, हेही त्यांत नोंदवले जाते. ऐकणाऱ्यालाही तिथे जागा आहे, ही या रचनेची मोठी जमेची बाजू.

उदाहरणार्थ, इंग्रज रोजनिशीकार सॅम्युएल पीप्सने फेब्रुवारी १६६८ मध्ये एक अश्लील फ्रेंच पुस्तक वाचून काढले आणि त्याच रात्री जाळले, असे त्याची रोजनिशी सांगते. वाचक, ग्रंथ, भाषा, तारीख हे रकाने सहज भरतात. पण जाळण्यामागची लाज साध्या तक्त्यात शेऱ्यापुरतीच उरते. म्हणूनच २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘रीड-इट’ या युरोपीय प्रकल्पाने वाचनापूर्वीची मनःस्थिती, वाचनक्रिया व तिचा परिणाम हे वेगळे पण परस्परांशी जोडलेले घटक मानले. तरीही ज्यांनी वाचले पण त्याविषयी काहीच लिहिले नाही, अशा असंख्य वाचकांपर्यंत कोणतेही प्रारूप क्वचितच पोहोचते.