रुखवतातली भिंत

आज मला घराच्या भिंतीबद्दल बोलायचंय. तिच्यावर आपल्या आज्यांनी, आयांनी आणि आपण काय काय टांगलं, त्याबद्दल. बीएला माझा इतिहास विषय होता. त्यात किल्ले होते, तह होते, लढाया होत्या. ज्या घरात बसून मी तो अभ्यास करत होते, त्या घराची भिंत मात्र एकाही पुस्तकात नव्हती.

हा विषय डोक्यात आला तो २०१९ च्या ऑगस्टमध्ये. नुकतीच नागपंचमी झाली होती. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमचा विश्रामबागचा भाग उंचावर, म्हणून गावभागातले, मारुती चौकातले पाहुणे-सोयरे इकडे आले. पाणी उतरल्यावर आम्ही बचत गटाच्या बायका खराटे, घमेली घेऊन घरं साफ करायला गेलो. गटातल्या एका मावशींच्या घरात पाणी छताला लागलं होतं. गाद्या, धान्य, कागदपत्रं सगळं गेलं. श्रावणाच्या सुरुवातीला चिकटवलेला जिवतीचा कागद चिखलात विरघळला होता. लग्नातला फोटो काचेला चिकटून बसला होता. दाराच्या चौकटीवरून मात्र एक चिखलाचा लोंबता गोळा निघाला. मी तो कचऱ्याच्या घमेल्यात टाकणार, तोच मावशी म्हणाल्या, "अगं थांब, ते माझ्या रुखवतातलं तोरण हाय."

तेव्हा हातातलं काम सोडून आम्ही तिथंच बसलो. रिठ्याच्या पाण्यात तो गोळा दोन दिवस भिजवला. दोरा कुजला होता, पण मणी काचेचे. ते जसेच्या तसे निघाले, हिरवे, पांढरे, लाल. चाळीस वर्षं उलटूनही रंग तोच.

आता थोडं मागं जाऊया. आपल्याकडची जुनी भिंत मातीची. ती शेणानं सारवायची, पांढऱ्या मातीनं पोतारायची. हे काम बाईचंच. अशा भिंतीवर खिळा टिकत नाही, माती ढासळते. म्हणून त्या काळची सजावट टांगायची नव्हती, काढायची होती. नागपंचमीला भिंतीवर गंधानं नाग काढायचे. आपल्या जिल्ह्यातलं बत्तीस शिराळा नागपंचमीसाठी सगळ्यांना माहीत आहे, पण भिंतीवरचा नाग तर घरोघरी होता. दिवाळीला दाराच्या दोन्ही अंगांना स्वस्तिक, गोपद्मं. सण झाला, पुढच्या वेळी सारवलं की चित्र गेलं. वर्षाला पुन्हा नवं. खर्च काही नाही, आणि काढणारीचं नावही नाही.

मग भिंतीवर कागद आला. पुण्यात १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रशाळा छापखाना काढला. रामपंचायतन, शिवाजी महाराज, पेशवे अशी रंगीत चित्रं तिथून घराघरांत गेली. पुढं १८९४ साली राजा रविवर्मा यांनी मुंबईत छापखाना सुरू केला. काही वर्षांनी तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला आणि नंतर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकला. ही छपाई दगडावरची. एकेका रंगासाठी वेगळा दगड तयार करायचा आणि कागद त्यावरून पुन्हापुन्हा फिरवायचा. रविवर्म्यांची लक्ष्मी, सरस्वती अशा रीतीनं हजारो घरांत पोचली. आज आपण डोळे मिटून लक्ष्मी आठवली, तर कमळावर उभी, नऊवारीसारखी साडी नेसलेली जी बाई दिसते, तिच्यावर या छापखान्याची छाप आहे.

आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात औंध आहे. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी जमवलेलं संग्रहालय यमाईच्या डोंगरावर आहे. रविवर्म्यांच्या हातची मूळ चित्रं तिथं बघायला मिळतात. शाळेच्या सहली जातात, तुमच्यातल्या पुष्कळ जणी गेल्या असतील. राजाच्या भिंतीवर मूळ चित्र आणि आपल्या पणजीच्या भिंतीवर त्याच चित्रकाराचा छापील कागद, असा तो काळ.

पण पणजी नुसता कागद टांगून गप्प बसली नाही. मला या सगळ्या गोष्टीत हीच जागा फार आवडते. छापील लक्ष्मीच्या साडीवर बायकांनी खरी जर चिकटवली. गळ्यात मणी ओवून लावले, मुकुटाला टिकल्या लावल्या, काठाला कापड शिवलं. अशी सजवलेली जुनी चित्रं आजही जुन्या वाड्यांत आणि संग्रहांत दिसतात. छापखान्यातून निघालेली सगळी चित्रं एकसारखी, पण घरात आल्यावर प्रत्येक लक्ष्मी वेगळी झाली. चित्राखाली नाव छापखान्याचं आणि जर लावणारी मात्र पुन्हा बिननावाची.

आता रुखवताकडं येऊ. लग्नात मुलीच्या बाजूनं रुखवत मांडायची आपली रीत. लाडू, करंज्या, चिरोटे, रंगवलेलं सुपलं, आणि त्यांच्या मागं भिंतीला टेकवलेल्या मुलीच्या हातच्या वस्तू. मॅटीच्या कापडावर उलट्या-सुलट्या फुल्यांनी भरलेला पोपट, हरणांची जोडी, ताजमहाल, नाही तर 'सुस्वागतम्'. मण्यांचं तोरण, मण्यांचा गणपती. तरटावर लोकरीनं भरलेला मोर. फुटक्या बांगड्या मेणबत्तीवर वाकवून एकमेकींत अडकवलेला पडदा. काडेपेट्यांचं घर, लोकरीचा ससा. आमच्या आईच्या वेळी दवाखान्यातल्या सलाईनच्या नळ्या धुऊन त्यांचे मासे विणायची टूम होती.

यातली प्रत्येक वस्तू कशातून आली ते बघा. तरट धान्याच्या किंवा हळदीच्या पोत्याचं. बांगड्या फुटलेल्या. पुठ्ठा साडीच्या खोक्याचा. चिकटवायला डिंक नाही, मैद्याची नाही तर कणकेची खळ. विकत घ्यायचे ते फक्त मणी आणि लोकर, तेही बाजाराच्या दिवशी थोडे थोडे. घरात पैसा नाही हे मांडवात कुणाला दिसू नये, म्हणून मुलगी वर्षभर दुपारी बसून ते झाकत होती.

ही गोष्ट नुसती गोडगोड करून सांगू नये, असं मला वाटतं. रुखवत ही परीक्षाही होती. सासरच्या बायका टाके उलटे करून बघत. मागच्या बाजूला दोऱ्याच्या गाठी दिसल्या तर मुलगी गबाळी. ज्या मुलीचं शिक्षण सातवीला थांबवलं, तिच्या हातात सुई देऊन 'हे शीक, लग्नात उपयोगी पडेल' असं सांगितलं गेलं. मावशींनी तोरण केलं तेव्हा त्या सोळा वर्षांच्या होत्या. त्या म्हणतात, "शाळा सुटली त्या वर्षी केलं." मणी ओवताना त्या नक्षी कागदावर मांडायच्या, चौकोन मोजायच्या, कुठल्या ओळीत किती मणी ते तोंडपाठ ठेवायच्या. ते गणितच होतं, फक्त त्याला कुणी मार्क दिले नाहीत.

याच हातकामाकडं वेगळ्या नजरेनं बघणारी माणसंही होती. रमाबाई रानड्यांनी पुण्यात १९०९ साली सेवासदन सुरू केलं. तिथं विधवा आणि गरजू बायकांना शिक्षणाबरोबर शिवण, हस्तकला शिकवली, ती रुखवतासाठी नव्हे, पोट भरण्यासाठी. आणि आपल्या जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीहून १९३० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'स्त्री' मासिक काढलं. बायकांचं शिक्षण, लग्न, हक्क यांवर त्यात उघडपणे लिहिलं गेलं. नांगर तयार होणाऱ्या गावातून बायकांसाठी मासिक निघालं, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा.

नावाचा मुद्दा मी परत परत काढतेय, त्यामागं कारण आहे. वारली चित्रं तुम्ही ओळखता. आता ती साड्यांवर, कपांवर, कार्यालयांच्या भिंतींवर असतात. पालघर-डहाणूकडं ही चित्रं लग्नात काढायची, गेरूच्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगानं आणि बांबूच्या काडीनं. तो लग्नाचा चौक काढायच्या सवाशिणी. त्या चौकात पालघट देवी बसायची. १९७० नंतर भास्कर कुलकर्णी यांनी वारल्यांना कागद आणि रंग नेऊन दिले. जिव्या सोमा मशे यांनी त्यावर अप्रतिम चित्रं काढली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये ते गेले. ते मोठे कलावंत होते, यात शंका नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या भिंतीवर चौक काढणाऱ्या सवाशिणींपैकी एकीचं तरी नाव आपल्याला सांगता येईल का? कला भिंतीवर होती तोवर ती बायकांची रीत. कागदावर आली, विकायला लागली, तेव्हा तिला नाव मिळालं.

आपल्या घरांत पुढं काय झालं? कॅलेंडरं आली. १९७३ साली जयंतराव साळगावकरांचं 'कालनिर्णय' आलं. देवादिकांच्या कॅलेंडरचं चित्र वर्ष संपल्यावर कापून चौकट करायची पद्धत तर होतीच. मग आलं थर्माकोल. गणपतीचं मखर, गौरीपुढचा देखावा, रुखवतातला महाल, सगळं पांढऱ्या थर्माकोलचं. हलकं, स्वस्त, ब्लेडनं कापता येणारं. पण विसर्जनानंतर ते नदीत आणि ओढ्यात जायचं. २०१८ च्या मार्चमध्ये आपल्या राज्यानं प्लॅस्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून सजावटीच्या थर्माकोलवर देशभर बंदी आली. बंदी आल्यावर पुष्कळ जणी म्हणाल्या, आता सजावट करायची कशाची? आपल्या आज्यांना हा प्रश्न कधीच पडला नव्हता. पुठ्ठा, कापड, कडब्याची धाटं, कागद, खळ हे सगळं तेव्हाही होतं, आजही आहे.

रुखवत मात्र आता भाड्यानं मिळतं. तयार सेट येतो, फोटो निघतात, दुसऱ्या दिवशी परत जातो. नोकरी करणाऱ्या मुलीला वर्षभर दुपारी बसायला कुठून वेळ मिळणार? ती परीक्षा संपली, हे चांगलंच झालं. पण परीक्षेबरोबर हातातलं कामही गेलं, तर तोटा आपलाच आहे.

म्हणून मावशींचं तोरण आम्ही पुन्हा ओवलं. या वेळी सुती दोऱ्याऐवजी तंगूस घेतली. ती पाण्यानं कुजत नाही. नक्षी कागदावर नव्हती, ती मावशींच्या डोक्यात होती. त्या सांगत गेल्या, आम्ही सहा जणी ओवत गेलो. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आलं, तेव्हा मावशींनी सगळ्यात आधी तोरण खिळ्यावरून काढून पिशवीत घातलं.

त्यावरून गटानं तोरणं करायला घेतली. एका प्रदर्शनात एक ताई म्हणाल्या, "अडीचशे? घरीच तर केलंय, एवढे कशाचे?" आमच्यातली एक जण लगेच दीडशेवर आली. त्या रात्री आम्ही हिशेब मांडला. मणी नव्वद रुपयांचे, तंगूस दहाची, आणि दुपार सहा. दीडशेला विकलं तर एका दुपारचे आठ रुपये पडतात. घरी बसून केलं म्हणजे फुकट केलं, हा हिशेब आपल्यापैकीच कुणीतरी पहिल्यांदा मान्य केला असणार. आता आम्ही वस्तूच्या चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहितो: कुणी केलं, कुठल्या साली, किती दुपारींत. भाव करणारे अजूनही भाव करतात, पण निदान चिठ्ठी वाचून करतात.

मैत्रिणींनो, आजच्या भाषणानंतर एक काम करा. घरात जुनी चौकट, तोरण, भरतकाम काही असेल तर ते खाली घ्या. मागं पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं लिहा, हे कुणी केलं आणि कधी. आई, आजी, सासूबाई कुणी हयात असतील तर त्यांना विचारून लिहा. नसतील तर घरातल्या सगळ्यात जुन्या माणसाला विचारा. कागद असेल तर काचेला चिकटू देऊ नका, मध्ये कडेनं पुठ्ठ्याची पट्टी घाला.

मावशींच्या तोरणाला पुठ्ठा नाही. म्हणून आम्ही शेवटच्या लोंबीत पांढऱ्या मण्यांत लाल मण्यांनी त्यांचं नाव ओवायचं ठरवलं. त्या लाजल्या. म्हणाल्या, "माझं कशाला? ह्यांचं घाला." आम्ही सहाही जणी एकदमच "नाही" म्हणालो. नाव आता दारावर आहे, आणि पुरातही ते पुसलं जाणार नाही, कारण मणी काचेचे आहेत.