भिंतीची स्मृती आणि उकाड्याचे गणित

शहराचा इतिहास लिहिताना आपण शिलालेख, सनदा, कारखाने आणि आंदोलने यांची नोंद घेतो. त्या शहरातील एखाद्या खोलीत वैशाखातल्या दुपारी माणसाला किती उकडत होते, याची नोंद मात्र सहसा कोणी ठेवत नाही. गेल्या सहा दशकांत हा उकाडा घर बांधण्याआधीच मोजता येऊ लागला आहे. इमारतीच्या भिंती, छप्पर, खिडक्या, आत राहणारी माणसे आणि बाहेरचे हवामान यांची माहिती संगणकाला दिली, की वर्षातल्या ८७६० तासांपैकी प्रत्येक तासाला आतले तापमान काय असेल आणि वीज किती लागेल, हे सांगणाऱ्या आज्ञावल्या उपलब्ध आहेत. या सिम्युलेशनचा इतिहास उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्याच्या संदर्भात वाचला, तर त्या गणिताचे सामर्थ्य कळते आणि त्याने कोणाला गृहीत धरले नाही, हेही कळते.

आरंभ अंबरनाथच्या शिवमंदिरापासून करू. वालधुनीच्या काठचे हे शिलाहारकालीन मंदिर तेथील शिलालेखानुसार शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० मधले. बांधणी काळ्या बेसाल्टची. गाभारा सभामंडपाच्या पातळीहून खाली, पायऱ्या उतरून जाण्याजोगा. ही रचना गारव्यासाठी केली असे म्हणण्यास आधार नाही. मात्र जाड दगडाचा एक गुणधर्म येथे समजून घेता येतो. बाहेरचे ऊन अशा भिंतीतून तत्काळ आत येत नाही. सकाळी पोहोचलेली उष्णता आतल्या बाजूस कित्येक तासांनी जाणवते आणि तोवर तिची तीव्रताही ओसरलेली असते. भिंत या क्षणी काय देते, हे तिने मागच्या अनेक तासांत काय घेतले यावर ठरते. भिंतीला स्मृती असते, असे म्हटले तर ते केवळ अलंकारिक ठरू नये.

ही स्मृती गणितात पकडणे हेच या शास्त्रापुढचे अवघड काम होते. १९६७ साली कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतील स्टीफन्सन आणि मिटालस यांनी त्यासाठी एक व्यवहार्य पद्धत मांडली. मागच्या प्रत्येक तासाच्या उष्णतेला ठरावीक वजन देऊन त्यांची बेरीज करायची, आणि त्यावरून चालू तासाचे उत्तर काढायचे. त्याच सुमारास अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत तामामी कुसुदा हे काम करीत होते. त्यांच्या आरंभीच्या संशोधनाचा विषय कचेऱ्या वा बंगले नव्हता. शीतयुद्धाच्या त्या काळात अणुहल्ल्यापासून बचावासाठी भुयारी निवारे कल्पिले जात होते. अशा निवाऱ्यात पुष्कळ माणसे दिवसचे दिवस कोंडून राहिली, तर केवळ त्यांच्या शरीरांच्या उष्णतेने आतली हवा किती असह्य होईल, हा तो प्रश्न होता.

अमेरिकेत ज्याची कल्पना करून गणित मांडले गेले, त्याच्याशी नाते सांगणारा प्रश्न कल्याणनजीक त्याआधीच प्रत्यक्षात उभा राहिला होता. दुसऱ्या महायुद्धात येथे लष्कराची संक्रमण छावणी वसवण्यात आली. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना आसरा देण्यात आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी या वसाहतीला उल्हासनगर हे नाव दिले. सैनिकांच्या तात्पुरत्या मुक्कामासाठी बांधलेल्या वास्तूंत कुटुंबे कायमची राहू लागली. एकेका बराकीचे अनेक भाग झाले, त्यांत चुली पेटल्या, पुढे छोटे कारखानेही आले. इमारतीचा हेतू, राहणाऱ्यांची संख्या आणि आत निर्माण होणारी उष्णता हे तिन्ही बदलले. आज्ञावलीत हे तीन वेगळे रकाने असतात. उल्हासनगरच्या इतिहासात ते एकाच घटनेने भरले गेले.

१९७३ च्या तेलसंकटानंतर या विद्येला राजाश्रय मिळाला. अमेरिकेत डीओई-२ आणि ब्लास्ट, तर स्कॉटलंडमध्ये ईएसपी-आर या आज्ञावल्या त्या दशकात घडल्या. पहिल्या दोहोंच्या मिलाफातून २००१ मध्ये एनर्जीप्लस ही आज्ञावली प्रसिद्ध झाली. ती विनामूल्य आहे. आपल्याकडे अशा गणिताचा पाया पुण्यात घातला गेला, असे म्हणता येईल. हवामान खात्याच्या पुण्यातील उपकरण विभागात काम करणाऱ्या अ‍ॅना मणी यांनी १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या निमित्ताने सौर प्रारणाच्या मोजणीचे जाळे उभारले, आणि १९८० मध्ये भारतातील सौर प्रारणाच्या आकडेवारीचा ग्रंथ सिद्ध केला. ऊन किती पडते हेच ठाऊक नसेल, तर भिंतीची स्मृती मोजायची कशी? पुढे २००६ मध्ये मुंबईच्या आयआयटीतील नायक आणि प्रजापती यांच्या ऊर्जासजग इमारतींवरील हस्तपुस्तिकेने असे अभ्यास भारतीय हवामान-विभागांच्या संदर्भात मांडले.

साहित्याच्या अभ्यासकाला येथे एक गोष्ट विशेष लक्षणीय वाटेल. आज्ञावलीला जे ‘प्रातिनिधिक वर्ष’ पुरवतात, ते बहुधा कधीच घडलेले नसते. अनेक वर्षांच्या नोंदींतून एका सालचा जानेवारी, दुसऱ्या सालचा फेब्रुवारी असे निवडून ते जोडलेले असते. काय घडले हे इतिहास सांगतो आणि काय घडू शकते हे काव्य सांगते, असा भेद अ‍ॅरिस्टॉटलने केला होता. त्या न्यायाने हे वर्ष इतिहासापेक्षा काव्याच्या जवळ जाते. अडचण ते रचलेले असण्यात नाही. ते कोणत्या गावाचे आहे, हा खरा प्रश्न आहे. भारतातील ५८ शहरांसाठी वातानुकूलन अभियंत्यांच्या संघटनेने अशी वर्षे तयार केली. त्यांत मुंबई आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर नाहीत. मुंबईच्या दोन्ही प्रमुख वेधशाळा, कुलाबा आणि सांताक्रूझ, समुद्रानजीक आहेत. बदलापूर मुंबईच्या मुख्य स्थानकापासून लोहमार्गाने ६८ किलोमीटर आत. चैत्र-वैशाखात समुद्रवारा तेथवर उशिरा आणि क्षीण होऊन पोहोचतो. पारा कित्येकदा चाळीशी ओलांडतो. मुंबईचे वर्ष बदलापूरच्या घराला लावले, तर गणित बिनचूक येईल, पण उत्तर दुसऱ्या गावाचे असेल.

दुसरी मर्यादा कायद्याची. ऊर्जा संवर्धन इमारत संहिता २००७ साली आली, ती ५०० किलोवॅट वा अधिक भार जोडलेल्या व्यापारी इमारतींसाठी. पुढे ही अट १०० किलोवॅटवर आणली गेली. निवासी इमारतींसाठीची ‘इको निवास संहिता’ २०१८ ची. तीही किमान ५०० चौरस मीटरच्या भूखंडांपासून लागू होणारी. उल्हासनगरात बराकींच्या जागी दाटीने उभे राहिलेले मजले त्या मापात बसणे कठीण. शिवाय सिम्युलेशनला पहिल्याप्रथम हवा असतो तो नकाशा. येथे अनधिकृत बांधकामांचा प्रश्न इतका गहन, की ती नियमित करण्यासाठी २००६ मध्ये राज्याला केवळ या एका शहरापुरता स्वतंत्र कायदा करावा लागला. ज्या इमारतीचा मंजूर नकाशाच नाही, तिच्या उकाड्याचा हिशेब कोण आणि कशावरून मांडणार?

म्हणून हे तंत्र त्याज्य ठरते असे नाही. आपल्या अक्षांशावर उन्हाळ्यात सर्वाधिक ऊन गच्ची झेलते. तिला पांढरा लेप दिला वा सावली केली, तर वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाला किती दिलासा मिळेल, हे एनर्जीप्लससारखी विनामूल्य आज्ञावली सांगू शकते. मात्र त्यासाठी आधी त्या खोलीची मापे, तिच्यातली माणसे, दुपारी चालणारे शिलाईयंत्र आणि त्या गावचे ऊन यांची नोंद झाली पाहिजे. या नोंदीला अभियंता जितका लागतो, तितकाच घरोघरी जाऊन ऐकणारा आणि लिहून ठेवणारा माणूसही लागतो. भाषेच्या विद्यार्थ्याला ते काम परके वाटण्याचे कारण नाही. निर्वासितांच्या आठवणी संकलित करताना आपण त्यांना सोडून आलेल्या गावाबद्दल विचारतो. बराकीतला पहिला उन्हाळा कसा गेला, हेही विचारायला हवे.