अंगठ्याची साक्ष

नाशिकक्षेत्रीं यात्रेकरू आला कीं तीर्थोपाध्याय कूळ व गांव विचारून वही उघडतात. तींत आजा-पणजाचें हस्ताक्षर सांपडलें कीं ओळख पटते. ठशाच्या ओळखीचा उगम मात्र अविश्वासांत आहे. १८५८ सालीं बंगालमध्यें विल्यम हर्शेल या अधिकाऱ्यानें राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा घेतला, तो त्यानें पुढें करार नाकारूं नये म्हणून. १८९७ सालीं कलकत्त्यास ठशांची कचेरी निघाली, ती गुन्हेगारांसाठीं. २९ सप्टेंबर २०१० रोजीं नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली येथें पहिलीं आधारपत्रें वांटलीं गेलीं आणि तोच ठसा हक्काचा पुरावा होऊं लागला. परंतु कष्टानें बोटांच्या रेषा झिजल्या कीं यंत्र पुष्कळदां ओळख देत नाहीं. श्रमानेंच माणूस अनोळखी ठरावा, हें आम्हांस मान्य नाहीं. पर्यायाची तरतूद नियमांत आहे; ती रेशनच्या दुकानींही पाळली जावी.