व्हीआरमधलं जग खरं का वाटतं? उत्तर स्क्रीनमध्ये नाही, मेंदूत आहे!

मी पहिल्यांदा व्हीआर हेडसेट लावला तेव्हा समोर खोल दरी होती. ग्राफिक्स अगदी साधे, जुन्या गेमसारखे. आपण घरातल्या फरशीवर उभे आहोत हे मला पक्कं माहीत होतं. तरी पाय पुढे पडेना! असं का होतं ते पाहूया.

डोळे कमी बघतात, मेंदू जास्त भरतो

हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे बघा. आपल्याला एकदम स्पष्ट दिसतं ते साधारण तेवढंच, म्हणजे २ अंशांच्या आसपास. बाकीचं चित्र अंधूक असतं, पण मेंदू अनुभवाच्या आधारे ते पूर्ण करतो. २०२३ मध्ये आलेला प्लेस्टेशन व्हीआर२ याचाच फायदा घेतो. नजर जिथे असेल तिथलं चित्र बारीक तपशिलात दाखवतो, कडेचं थोडं ढोबळ ठेवतो. आपल्याला फरक कळतही नाही.

मग पिक्सेलपेक्षा महत्त्वाचं काय?

शरीराची साक्ष. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातील संशोधकांनी लोकांना व्हीआरमध्ये खोल खड्ड्याच्या काठावर उभं केलं. त्यांच्या हृदयाचे ठोके वाढले. मग खऱ्या जमिनीवर फक्त १.५ इंच उंचीची लाकडी कड ठेवली. पायाला ती कड लागताच ठोके आणखी वाढले! हे संशोधन २००२ मध्ये प्रसिद्ध झालं. उंचीची भीती आपल्यात आधीच असते, कडेने फक्त तिला जागं केलं.

याउलट, मान वळवल्यावर चित्र उशिरा हललं की सगळा खेळ बिघडतो. हा उशीर साधारण २० मिलिसेकंदांच्या आत हवा. डोळे एक सांगतात आणि कानातला तोल सांभाळणारा भाग दुसरंच, म्हणून मळमळतं. घाटात एसटीमध्ये मोबाईल बघताना होतं ना, तसंच.

आठवणीतली गंमत, आणि धोका

२००९ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या एका अभ्यासात लहान मुलांना व्हीआरमध्ये ऑर्कांसोबत पोहताना दाखवलं. काही दिवसांनी विचारलं, तर त्यातल्या काही मुलांना आपण खरंच पोहून आलो असं वाटत होतं! म्हणजे मेंदूने खेळ 'घडलेली गोष्ट' म्हणून साठवला.

म्हणून घरातल्या लहानग्याच्या डोळ्यांवर हेडसेट चढवण्याआधी दोनदा विचार करा. आपण मोठे 'हे खोटं आहे' असं स्वतःला बजावू शकतो, लहान मुलांना ते कठीण जातं. मी तर भाचीला अजून हेडसेट दिलेलाच नाही. खरं सांगायचं तर, मलाही ती दरी आजही एखाद्या पाहिलेल्या जागेसारखीच आठवते.