पालावरचा संसार आणि आरोग्य विमा : नांदेड-लातूर परिसरातील भटक्या जमातींच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

नांदेडहून हिंगोली व हदगावकडे जाणाऱ्या मार्गावरील अर्धापूर हे तालुक्याचे गाव केळीच्या बागांसाठी सर्वपरिचित आहे. पावसाळा सरला की या परिसरातील रस्त्यांच्या कडेला पाले पडलेली दिसतात. विळे-खुरपी घडविणारे घिसाडी, जडीबुटी विकणारे वैदू, तसेच मसणजोगी, बहुरूपी, जोशी असे अनेक समूह मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या रस्त्यावरच संसार करीत आले आहेत. त्यांच्या जीवनावर मराठीत महत्त्वाचे लेखन झाले. लातूर परिसरातील लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या' या आत्मकथनास १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. या समूहांचे शिक्षण, आरक्षण व त्यांना होणारा पोलिसी जाच यांची चर्चा झाली. आजारपणाच्या खर्चाची मात्र त्या मानाने कमी झाली. ज्याला कायमचा पत्ता नाही, त्याला आरोग्य विम्याचे संरक्षण कसे मिळाले अथवा का मिळाले नाही, याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

हजेरीपट आणि विमापट :

या समूहांची शासकीय नोंद झालीच नाही, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. ब्रिटिश सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. ज्या जमाती त्याखाली आणल्या गेल्या, त्यांच्या नावांच्या नोंदवह्या ठेवण्यात आल्या, पोलिसांपुढील हजेरी सक्तीची झाली आणि परवान्याशिवाय हद्द ओलांडणे हा गुन्हा ठरला. माणूस कोठे आहे, हे राज्यसंस्थेला तेव्हा अचूक माहीत करून घ्यावयाचे होते व ते तिने करून घेतले.

हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. त्याच वर्षी २४ फेब्रुवारीला कानपूर व दिल्ली येथे कर्मचारी राज्य विमा योजनेचा प्रारंभ झाला होता. या योजनेत कामगाराचे नाव कारखान्याच्या पटावर असणे हीच पात्रता होती. म्हणजे एका नोंदवहीतून विमुक्त झालेल्या माणसाला दुसऱ्या नोंदवहीत प्रवेश नव्हता, कारण त्याचा कारखाना त्याच्याच पाठीवर होता. पुढे मुंबई भीक प्रतिबंधक कायद्याने (१९५९) गाणे, नाचणे, भविष्य सांगणे वा खेळ करणे या निमित्ताने दान मागणेही भीक ठरविले, आणि बहुरूपी व जोशी यांचा परंपरागत व्यवसायच गुन्ह्याच्या व्याख्येत येऊन बसला.

शिधापत्रिका : विम्याचा दरवाजा

गरिबांसाठीच्या विमा योजना प्रत्यक्षात फार उशिरा आल्या. केंद्र शासनाची सार्वत्रिक आरोग्य विमा योजना २००३ मध्ये आली. तिच्यात व्यक्तीला दररोज एक रुपया, म्हणजे वर्षाला ३६५ रुपये, आणि पाच जणांच्या कुटुंबाला ५४८ रुपये हप्ता होता; रुग्णालयातील उपचारांसाठी ३०,००० रुपयांपर्यंत संरक्षण होते. हप्ता कमी वाटत असला तरी तो दरवर्षी न चुकता भरणे आणि बिले जपून दावा दाखल करणे या गोष्टी पालावरील कुटुंबास सहज जमण्यासारख्या नव्हत्या.

२००८ च्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेने हप्त्याची अडचण जवळजवळ दूर केली. लाभार्थ्याने केवळ ३० रुपये नोंदणी शुल्क द्यावयाचे होते. या योजनेतील एक तरतूद मुद्दाम लक्षात घेण्यासारखी आहे. स्थलांतरित कामगारास आपल्या स्मार्ट कार्डाचे विभाजन करून घेता येत असे. कुटुंबाचा काही भाग गावी राहिला आणि काही बाहेर गेला तरी दोघांनाही संरक्षण मिळावे, हा त्यामागील हेतू होता. फिरता माणूस येथे योजनाकारांच्या डोळ्यांसमोर होता, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्यांना दिसला तो गावी घर असलेला फिरता माणूस, उदाहरणार्थ ऊसतोड मजूर. ज्याचे संपूर्ण कुटुंबच रस्त्यावर आहे, त्याचे नाव मुळात दारिद्र्यरेषेच्या यादीत असण्याची शक्यता कमी होती.

यानंतरच्या घडामोडीत नांदेड जिल्ह्याला विशेष स्थान आहे. महाराष्ट्र शासनाने २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत सुरू केली, त्यांत मराठवाड्यातील एकमेव जिल्हा नांदेड हा होता. प्रत्येक कुटुंबास वर्षाला दीड लाख रुपयांचे संरक्षण होते आणि हप्ता शासन भरत होते. लाभार्थ्यास पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका व छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखवावे लागे. लातूरसह उर्वरित जिल्ह्यांत ही योजना नोव्हेंबर २०१३ मध्ये आली.

मधल्या सुमारे सोळा महिन्यांचा अर्थ माळेगावच्या यात्रेवरून समजून घेता येतो. लोहा तालुक्यातील माळेगाव हे नांदेड-लातूर रस्त्यावर, लोहा आणि अहमदपूर यांच्या दरम्यान आहे. खंडोबाच्या यात्रेसाठी मार्गशीर्षात तेथे दूरदूरच्या भटक्या जमाती जमतात व त्यांच्या जातपंचायती भरत आल्या आहेत. त्या हिवाळ्यातील यात्रेत शेजारी-शेजारी उतरलेल्या तीन बिऱ्हाडांची कल्पना करावी. एकाकडे नांदेड जिल्ह्याची शिधापत्रिका, दुसऱ्याकडे लातूरची, तिसऱ्याकडे कोणतीच नाही. तिघांचा व्यवसाय एक, दारिद्र्य एक, रस्ताही एकच. परंतु विम्याच्या दृष्टीने पहिलेच कुटुंब अस्तित्वात होते. नंतर शेतकरी आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांतील शुभ्र शिधापत्रिकाधारक शेतकरी कुटुंबांना सातबारा उताऱ्याच्या आधारे योजनेत घेण्यात आले. हा निर्णय योग्यच होता. तथापि जमिनीचा कागदही विम्याची पात्रता ठरू शकतो आणि रस्त्यावर गेलेली चार पिढ्यांची हयात ठरू शकत नाही, ही विसंगती त्यातून उघड झाली.

१९६१ चा पुरावा :

बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने २००८ मध्ये, तर भिकू रामजी इदाते यांच्या आयोगाने त्यानंतर दशकभराने या समूहांची स्थिती शासनापुढे मांडली. दोन्ही अध्यक्ष महाराष्ट्रातील होते, हा योगायोग नव्हे. येथील चळवळीचे ते फलित होय. दरम्यान २०१८ मध्ये आयुष्मान भारत योजना आली. तिची यादी २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेवर आधारलेली होती. ग्रामीण भागातील निवारा नसलेली आणि भिक्षेवर जगणारी कुटुंबे तिच्यात आपोआप पात्र ठरत होती. १९५९ मध्ये जो गुन्हा होता, ती येथे पात्रता झाली. कार्डधारकास देशातील कोणत्याही संलग्न रुग्णालयात उपचार घेण्याची मुभाही मिळाली. उपचाराला जिल्ह्याची हद्द उरली नाही. यादीत येण्यासाठी मात्र गणनेच्या वेळी गणकास सापडणे आवश्यक होते.

फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्र शासनाने विमुक्त, भटक्या व अर्धभटक्या समूहांसाठी 'सीड' ही २०० कोटी रुपयांची पंचवार्षिक योजना जाहीर केली. तिच्या चार घटकांपैकी एक म्हणजे कुटुंबास पाच लाखांपर्यंतचा आरोग्य विमा. रस्त्यावरील समूहांचे नाव घेऊन आलेली विम्याची ही तरतूद निःसंशय महत्त्वाची आहे. परंतु समूहाचे नाव घेतल्यावर समूहाचा दाखला आला. महाराष्ट्रात विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या प्रमाणपत्रासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा अपेक्षित असतो. ज्याचा आजा त्या दिवशी पाल टाकून कोणत्या शिवारात होता हे त्यालाच आठवत नसेल, त्याने तो कोठून आणावा? राज्याची योजना २०२४ पासून पाच लाखांच्या संरक्षणासह सर्वांसाठी खुली झाली, तेव्हाही शिधापत्रिका नसणाऱ्यास अधिवास प्रमाणपत्राचा मार्ग उरला. आणि त्यासाठी सामान्यतः पंधरा वर्षांच्या वास्तव्याची कागदपत्रे लागतात.

येथे आणखी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. या योजनांचा भर रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांवर आहे. पालावरचा ताप, लेकरांचे जुलाब, ऐरणीवर काम करताना डोळ्यात गेलेली ठिणगी यांचा खर्च रोखीनेच भागवावा लागतो. त्यासाठी कधी बकरी विकली जाते, तर कधी उचल घेतली जाते.

माळेगावची यात्रा तिथीने ठरलेली असते. विखुरलेली कुटुंबे एकाच ठिकाणी, एकाच वेळी भेटण्याचा असा प्रसंग वर्षातून क्वचितच येतो. यात्रेतच शिधापत्रिका व विमा कार्डाची नोंदणी करणे प्रशासनाला अशक्य नाही. जातपंचायतीतील वडीलधारी माणसे कुटुंबांची ओळखही पटवून देऊ शकतील. मात्र अर्जातील पत्त्याच्या रकान्यात काय लिहावयाचे आणि ते कुटुंब लोह्याचे धरावयाचे, अहमदपूरचे की अर्धापूरचे, हे आधी ठरवावे लागेल.